फौजी सगळेच, पण ‘माजी सैनिक’ कोण?

भरतीसाठी पळणाऱ्या पोरांना उंची किती, छाती किती, सोळाशे मीटर किती मिनिटांत मारायचे, सगळं तोंडपाठ असतं. पण वर्दी उतरवून गावी परत आल्यावर सरकारच्या कागदावर आणि गावातल्या संघटनेत आपण कोण असणार, हा नियम मात्र फार थोड्यांनी वाचलेला असतो. तो आताच वाचून ठेवायला हवा. कारण अग्निवीरांची पहिली बॅच चार वर्षं पूर्ण करून घरी यायच्या टप्प्यावर आहे.

परभणी जिल्ह्यात कुठंही जा, जिंतूर, सेलू, मानवत, पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम, पूर्णा. उजाडायच्या आधी डांबरी रस्त्याच्या कडेनं पोरं पळताना दिसतात. कापूस आणि सोयाबीनच्या भरवशावर घर चालत नाही, हे त्यांना घरातच कळलेलं असतं. मग दोनच नावं घेतली जातात, एक पोलीस भरती आणि दुसरी ‘मिल्ट्री’. गावात एखादा तरी सुट्टीवर आलेला फौजी असतो. तो कवायत शिकवतो, कागदपत्रं कुठली लागतात ते सांगतो, भरतीच्या तारखा मोबाईलवर पाठवतो. आणि बऱ्याच गावांत, तालुक्याच्या ठिकाणी ‘आजी-माजी सैनिक संघटना’ असा एक फलकही दिसतो.

फलक रोज दिसतो, पण त्यावरचे तीन शब्द नीट उलगडून पाहिले तर बरंच काही हाती लागतं. ‘आजी’ म्हणजे कोण? ‘माजी’ कोण? आणि ‘संघटने’त कुणाला घ्यायचं, हे कोण ठरवतं?

चौघं मित्र, एकच पार

समजा, पूर्णा तालुक्यातलं एखादं गाव आहे. चौघं मित्र वेगवेगळ्या वर्षी वर्दीत गेले आणि आता चौघंही पारावर बसलेत.

पहिला पायदळात सतरा वर्षं नोकरी करून पेन्शनवर आला. दुसरा सीआरपीएफमध्ये वीस वर्षं होता, छत्तीसगडही पाहिलं आणि काश्मीरही. तिसरा प्रादेशिक सेनेत, म्हणजे टेरिटोरियल आर्मीत होता, वर्षातले काही महिने बोलावणं यायचं, काही महिने घरी. चौथा अग्निवीर, चार वर्षं करून परतलेला.

गावासाठी चौघंही फौजीच. पंधरा ऑगस्टला चौघांनाही नारळ आणि शाल. पण हे चौघं परभणीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ‘माजी सैनिक’ म्हणून ओळखपत्र काढायला गेले, तर काय होईल?

पहिल्याचं काम होईल. पंधरा वर्षांची नोकरी झाली की जवानाला पेन्शन लागू होते आणि पेन्शन घेऊन आलेला माणूस व्याख्येत सरळ बसतो. दुसऱ्याला परत यावं लागेल, कारण सीआरपीएफ, बीएसएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी ही दलं गृह मंत्रालयाखाली येतात आणि ‘माजी सैनिक’ ही संरक्षण मंत्रालयाची व्याख्या आहे. त्यात फक्त भूदल, नौदल आणि हवाई दल. तिसऱ्याला विचारतील, सलग सेवेची पेन्शन आहे का? सेवेमुळे अपंगत्व आलंय का? शौर्यपदक आहे का? यातलं एकही नसेल तर त्याचंही नाव लागणार नाही. आणि चौथा? त्याच्यासाठी योजनेच्या अटीतच लिहून ठेवलंय की, माजी सैनिकाचा दर्जा मिळणार नाही.

वर्दी चौघांनी घातली. ओळखपत्र एकाला.

व्याख्या नेमकी काय म्हणते?

केंद्र सरकारचे १९७९ चे नियम आहेत, माजी सैनिकांना नागरी नोकरीत घेण्याबाबतचे. ‘माजी सैनिक’ या शब्दाची व्याख्या त्यात आहे आणि ती वेळोवेळी बदलत आली आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, तिन्ही सैन्यदलांत कोणत्याही हुद्द्यावर काम केलेला माणूस, मग तो लढणारा असो की न लढणारा, माजी सैनिक ठरतो. पण बाहेर कसा पडला, हे पाहिलं जातं.

पेन्शन मिळवून निवृत्त झाला, तर हो. सेवेमुळे आलेल्या आजारानं किंवा जखमेनं वैद्यकीय कारणावर घरी आला आणि अपंगत्वाची पेन्शन लागली, तरी हो. ठरलेली मुदत पूर्ण करून, ग्रॅच्युइटी घेऊन बाहेर पडला, तरीही हो. म्हणूनच शॉर्ट सर्व्हिस कमिशनवरचा अधिकारी दहा वर्षांनी पेन्शनशिवाय आला तरी माजी सैनिक ठरतो.

पण पेन्शन लागू होण्याआधी स्वतःहून सोडून आला, तर नाही. गैरवर्तनामुळे किंवा नालायक ठरवून काढलं, तर नाहीच नाही.

सगळा खेळ इथं आहे. व्याख्या ‘किती लढलास’ असं विचारत नाही. ‘बाहेर पडताना हातात कुठला कागद होता’, एवढंच विचारते. आणि कुठल्या तारखेला बाहेर पडलास त्यावर कुठली व्याख्या लागू, हेही ठरतं. म्हणून जुन्या पिढीतल्या एखाद्या आजोबांची सेवा कमी असूनही ते माजी सैनिक असतात आणि त्यांच्यापेक्षा जास्त वर्षं केलेला एखादा नसतो. यात कुणाची लबाडी नसते, नियम बदललेला असतो.

एका शब्दाची किंमत

तुम्ही म्हणाल, शब्दात काय आहे? पोलीस भरतीची जाहिरात पाहा. समांतर आरक्षणाच्या रकान्यात महिला, खेळाडू, प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त यांच्याबरोबर माजी सैनिकांसाठी १५ टक्के जागा दिसतील. केंद्राच्या नोकऱ्यांत गट ‘क’ मध्ये १० टक्के आणि गट ‘ड’ मध्ये २० टक्के जागा आहेत. वयाची सूटही साधीसुधी नाही. जेवढी वर्षं सैन्यात काढली ती वजा आणि वर आणखी तीन वर्षं.

शिवाय सीएसडी कॅन्टीन आहे. पेन्शनधारकांसाठी २००३ पासून सुरू असलेली ईसीएचएस ही आरोग्य योजना आहे. मुलांच्या शिष्यवृत्त्या आहेत. माजी सैनिकांना सुरक्षारक्षकाच्या आणि इतर कामांवर पाठवणारं राज्य सरकारचं महामंडळ, म्हणजे पुण्याचं ‘मेस्को’ आहे. महाराष्ट्रात माजी सैनिकांच्या आणि सैनिकांच्या विधवांच्या घराला मालमत्ता करातून सूट देणारी योजनाही आहे.

थोडक्यात, ‘माजी सैनिक’ हा मानाचा शब्द आहेच, शिवाय त्याला पैशात मोजता येईल अशी किंमत आहे. ज्या शब्दाला किंमत असते त्याच्या दारात रांग लागते आणि रांग लागली की आत कोण, बाहेर कोण, हा प्रश्न येतोच.

बोर्ड वेगळं, संघटना वेगळी

इथं एक गल्लत कायम होते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय हे सरकारी कार्यालय. तिथं सदस्य होता येत नाही, तिथं नाव नोंदवायचं असतं. त्याच्या वर पुण्यात राज्याचा सैनिक कल्याण विभाग आणि त्याच्या वर दिल्लीत केंद्रीय सैनिक बोर्ड, ज्याचे अध्यक्ष संरक्षणमंत्री असतात.

या बोर्डाचं मूळ १९१९ मध्ये आहे. पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून जास्त हिंदी सैनिक समुद्रापार गेले होते. फ्रान्सच्या खंदकात, मेसोपोटेमियाच्या वाळवंटात, पूर्व आफ्रिकेत. जे जिवंत परतले त्यांच्या पेन्शनचं, जमिनीचं, मागे राहिलेल्या विधवांचं काय, हा प्रश्न इंग्रज सरकारसमोर उभा राहिला. त्यातून ‘इंडियन सोल्जर्स बोर्ड’ निघालं. स्वातंत्र्यानंतर १९५१ मध्ये त्याच्या नावात नौसैनिक आणि हवाई सैनिक आले, आणि १९७५ पासून ते केंद्रीय सैनिक बोर्ड म्हणून ओळखलं जाऊ लागलं.

संघटना मात्र सैनिकांची स्वतःची. सरकारनं दिलं नाही ते मागायला, आणि दिलेलं गावापर्यंत पोचतंय का ते बघायला, सैनिक एकत्र आले की संघटना बनते. तिची घटना ते स्वतः लिहितात. सदस्य कोण, हे ते स्वतः ठरवतात. सरकारची व्याख्या संघटनेवर बंधनकारक नसते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दापोलीचे पेन्शनर

महाराष्ट्रात सैनिकांनी पेन्शनवर आल्यावर संघटना बांधल्याची एक फार जुनी आणि फार मोठी गोष्ट आहे. ती कोकणातल्या दापोलीची.

एकोणिसाव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीच्या आणि नंतर इंग्रज सरकारच्या मुंबई फौजेत महार सैनिक मोठ्या संख्येनं होते. निवृत्तीनंतर त्यातले अनेक जण दापोलीच्या आसपास स्थिरावले. गोपाळबाबा वलंगकर त्यांतलेच एक. फौजेतून पेन्शन घेऊन आलेले, ‘दीनबंधू’तून अस्पृश्यतेविरुद्ध लिहिणारे. त्यांनी ‘अनार्य दोष परिहारक मंडळी’ उभी केली. पुढे इंग्रजांच्या डोक्यात ‘लढवय्या जाती’ नावाचं खूळ शिरलं आणि १८९० च्या दशकात महारांची फौजेतली भरती बंद झाली. पिढ्यान् पिढ्या ज्यांनी बंदूक धरली त्यांना एका फटक्यात सांगण्यात आलं की, तुम्ही लढवय्ये नाही.

१८९४ मध्ये वलंगकरांनी या मंडळीच्या वतीनं एक अर्ज तयार केला. आम्ही काय सेवा केली, आमचे पूर्वज कुठं कुठं लढले, आणि आमच्या मुलांना दार का बंद, असा त्याचा आशय. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी सकपाळ हेही याच पिढीतले, आणि भरतीबंदीविरुद्ध खटपट करणाऱ्यांतले. पुढे १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनीही याच मागणीसाठी अर्ज केला.

दार लगेच उघडलं नाही. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडायला लागली तेव्हा १९१७ मध्ये ‘१११ महार’ ही पलटण उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडलीही. अखेर १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली. ती आजही आहे, तिचं केंद्र मध्य प्रदेशात सागरला.

या गोष्टीतला खरा मुद्दा कुठला? वलंगकर आणि त्यांचे सोबती स्वतः पेन्शनवर होते. त्यांचं काहीही जाणार नव्हतं. भरती बंद झाली म्हणून त्यांची पेन्शन बंद होणार नव्हती. तरी ते उभे राहिले ते जे अजून आत गेलेच नव्हते त्यांच्यासाठी. आत जाऊन आलेल्यांनी बाहेर राहिलेल्यांसाठी बोलायचं, हा आपल्याकडच्या सैनिक संघटनेचा पहिला धडा आहे.

सदस्यत्वाच्या नियमानं संघटना संपतेही

जगात हा प्रश्न वेगवेगळ्या पद्धतीनं सोडवला गेला. अमेरिकेत यादवी युद्ध संपल्यावर १८६६ मध्ये ‘ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक’ ही संघटना निघाली. एके काळी अमेरिकेच्या राजकारणात तिचा दरारा होता. पण नियम असा की, त्या युद्धात उत्तरेच्या बाजूनं लढलेलाच सदस्य. दुसरं कुणी नाही. मग सदस्य म्हातारे होत गेले, जात गेले, आणि १९५६ मध्ये शेवटचा सदस्य वारला तेव्हा संघटनाही त्याच्याबरोबर संपली.

तिथलीच ‘व्हेटरन्स ऑफ फॉरेन वॉर्स’. तिची मुळं १८९९ पर्यंत जातात. तिथं परदेशातल्या मोहिमेत सेवा केलेली असावी लागते. ‘अमेरिकन लीजन’ १९१९ मध्ये पॅरिसमध्ये निघाली, महायुद्ध नुकतंच थांबलं होतं तेव्हा. तिथं बराच काळ ठरावीक युद्धकाळात सेवा केलेल्यांनाच प्रवेश होता. दोन युद्धांच्या मधल्या काळात वर्दीत असलेला माणूस बाहेर. २०१९ मध्ये कायदा बदलला आणि ७ डिसेंबर १९४१ नंतर केव्हाही सेवा केलेल्यांना दार उघडलं. शंभर वर्षं लागली, पण उघडलं.

ब्रिटनमध्ये १९२१ मध्ये चार वेगवेगळ्या संघटना एकत्र येऊन ‘ब्रिटिश लीजन’ झाली. त्याच वर्षी केपटाऊनमध्ये साम्राज्यभरच्या माजी सैनिकांची एक लीग निघाली, ती आज राष्ट्रकुल देशांची म्हणून ओळखली जाते. आपल्याकडची ‘इंडियन एक्स-सर्व्हिसेस लीग’ तिची सदस्य आहे.

ही आपली लीग १९६४ मध्ये फिल्ड मार्शल करिअप्पा यांच्या पुढाकारानं निघाली. स्वतंत्र भारताचे पहिले भारतीय लष्करप्रमुख ते, १४ जानेवारी १९५३ ला निवृत्त झाले. म्हणून संक्रांतीच्या सुमारास, १४ जानेवारीला, देशात माजी सैनिक दिन पाळतात. पुढे १९७२ मध्ये युद्धात पती गमावलेल्या स्त्रियांची ‘वॉर विडोज असोसिएशन’ निघाली. वर्दी नवऱ्यानं घातली, पण संसाराची लढाई तिनं लढली, हे मान्य करणारी ही संघटना. आणि २००८ मध्ये ‘इंडियन एक्स-सर्व्हिसमेन मूव्हमेंट’. ‘वन रँक, वन पेन्शन’साठी १५ जून २०१५ पासून दिल्लीत जंतरमंतरवर जे आंदोलन बसलं, त्यात हे माजी सैनिक पुढे होते. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला सरकारला घोषणा करावी लागली. संघटना असली की काय होतं, याचं हे ताजं उदाहरण.

‘आजी’चं काय?

आता पुन्हा आपल्या चौकातल्या फलकाकडे. ‘आजी-माजी’तला ‘आजी’, म्हणजे सध्या नोकरीत असलेला जवान, खरंच सदस्य होऊ शकतो का?

राज्यघटनेचा अनुच्छेद ३३ संसदेला अधिकार देतो की, सैन्यदलांतल्या माणसांचे मूलभूत हक्क मर्यादित करता येतील. त्या आधारावर १९५० च्या आर्मी ॲक्टचं कलम २१ आहे. नोकरीतल्या जवानाला परवानगीशिवाय कुठल्याही संघटनेत, सोसायटीत सक्रिय भाग घेता येत नाही. मोर्चात जाणं, पत्रकार परिषदेत बसणं, हे तर दूरच. म्हणून सुट्टीवर आलेल्या पोराला कुणी आग्रहानं संघटनेचा पदाधिकारी केलं, व्यासपीठावर बसवलं, तर त्याला अडचणीत आणल्यासारखं होतं. फलकावर ‘आजी’ हा शब्द प्रेमानं लिहिलेला असतो. सदस्य-नोंदवहीत मात्र तो जपून लिहावा.

मराठवाड्यात आणखी एक गोंधळ आहे, ‘स्वातंत्र्यसैनिक’ आणि ‘माजी सैनिक’ यांचा. आपला भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. मुक्तिसंग्रामात ज्यांनी सीमेवरच्या कॅम्पातून लढा दिला, तुरुंग भोगला, ते स्वातंत्र्यसैनिक. त्यांच्या सन्मान पेन्शनची योजना वेगळी, तिचं खातं वेगळं. नेताजींच्या आझाद हिंद सेनेतल्या सैनिकांचंही तसंच. अंगावर वर्दी होती, रणांगणावर लढले, तरी त्यांना पेन्शन मिळाली ती स्वातंत्र्यसैनिक म्हणून. आजोबा स्वातंत्र्यसैनिक होते म्हणून नातवाला माजी सैनिकाच्या कोट्यात जागा मिळत नाही. फॉर्म भरताना ही चूक होते आणि मग कागद तपासताना नाव कटतं.

अग्निवीरांचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. अग्निपथ योजना १४ जून २०२२ ला जाहीर झाली. चार वर्षांची सेवा. पहिल्या वर्षी महिना ३० हजार, चौथ्या वर्षी ४० हजार. त्यातले ३० टक्के सेवानिधीत जातात, तेवढेच सरकार घालतं, आणि बाहेर पडताना व्याजासह साधारण ११.७१ लाख रुपये मिळतात, करमुक्त. सेवेत असताना ४८ लाखांचा विमा. चार वर्षांनी २५ टक्क्यांपर्यंत जणांना कायम केलं जातं. ते पुढे किमान पंधरा वर्षं सेवा करतील आणि नेहमीसारखे माजी सैनिक होतील.

उरलेले ७५ टक्के? पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही. वर वाचलेली व्याख्या आठवा, मुदत पूर्ण करून ‘ग्रॅच्युइटी घेऊन’ बाहेर पडलेला माजी सैनिक ठरतो. अग्निवीर मुदत पूर्ण करतो, पण ग्रॅच्युइटी नसते. एका शब्दावरून दार बंद. योजना आली तेव्हाच्या अटींमध्ये स्पष्ट आहे की, कॅन्टीन नाही, ईसीएचएस नाही, माजी सैनिक दर्जा नाही. त्याऐवजी केंद्रीय निमलष्करी दलांत आणि आसाम रायफल्समध्ये १० टक्के राखीव जागा आणि वयात सूट जाहीर झाली.

पहिल्या तुकड्या २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला गेल्या. म्हणजे २०२६ च्या अखेरीपासून बाविशी-पंचविशीतली पोरं गावी यायला लागणार. हातात निधी असेल, अंगात शिस्त असेल, आणि फॉर्मवरच्या ‘माजी सैनिक आहात काय?’ या रकान्यात ‘नाही’ लिहावं लागेल.

योजना बरी की वाईट, यावर तुमचं-आमचं मत वेगळं असू शकतं. काही जण म्हणतात, चार वर्षांत एवढी रक्कम शेतीत कुठं मिळते? काही म्हणतात, उमेदीची चार वर्षं गेली आणि पुन्हा स्पर्धा परीक्षेची रांग. दोन्ही बोलणी खरी आहेत. पण एक गोष्ट इतिहासानं दाखवली आहे, ती अशी की, व्याख्या दगडावर कोरलेली नसते. २०१२ मध्ये गृह मंत्रालयानं निमलष्करी दलांतून निवृत्त झालेल्यांसाठी ‘माजी सीएपीएफ कर्मचारी’ ही स्वतंत्र ओळख मान्य केली. २०१९ मध्ये ईसीएचएसचं दार दुसऱ्या महायुद्धातल्या सैनिकांना आणि शॉर्ट सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांना उघडलं. मागणारे संघटित होते म्हणून ही दारं किलकिली झाली.

दुसरं दार आपल्या गावात आहे

सरकारची व्याख्या दिल्लीत बदलते. संघटनेची घटना मात्र गावातल्या सर्वसाधारण सभेत बदलता येते.

संघटना कागदावर कशी उभी राहते? १८६० च्या संस्था नोंदणी कायद्यानुसार किमान सात जण लागतात. नाव, उद्देश, नियमावली लिहायची. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात नोंद करायची. पुढे पदाधिकारी बदलले की तिथं बदल अर्ज द्यायचा. उद्देशच बदलायचा तर विशेष सभा बोलावून तीन-पंचमांश मतं लागतात, आणि महिन्यानं दुसऱ्या सभेत तेवढ्याच मतांनी तो ठराव पुन्हा पक्का करावा लागतो.

नियमावलीत ‘सदस्यत्व’ नावाचं एक कलम असतं. बहुतेक वेळा कुठल्या तरी जुन्या संस्थेच्या नियमावलीवरून उतरवलेलं. ‘भारतीय सैन्यदलांतील कोणताही माजी सैनिक’ एवढंच त्यात लिहिलं, तर उद्या गावचा अग्निवीर, सीआरपीएफचा निवृत्त जवान, प्रादेशिक सेनेतला शेजारी आणि वीरपत्नी, सगळे बाहेर. तेच कलम ‘सैन्यदलांत, प्रादेशिक सेनेत किंवा केंद्रीय निमलष्करी दलांत सेवा करून सन्मानानं परतलेली कोणतीही व्यक्ती, तसेच वीरपत्नी व वीरमाता’ असं लिहिलं, तर सगळे आत. मतदानाचा हक्क सगळ्यांना की फक्त आजीव सदस्यांना, वर्गणी किती, ज्याला बडतर्फ केलंय त्याला घ्यायचं की नाही, हेही तिथंच ठरतं.

ज्येष्ठ माजी सैनिकांची एक शंका असते आणि ती रास्त आहे. आमच्या सवलती तुटपुंज्या आहेत, वाटेकरी वाढले तर? पण संघटनेचा सदस्य झाल्यानं कुणाला सरकारी सवलत मिळत नाही. ती ओळखपत्रावरच मिळते. सदस्यत्वानं मिळतं ते वेगळंच असतं. बँकेत निधी कसा गुंतवायचा हे सांगणारा एक काका, निमलष्करी भरतीच्या राखीव जागांची जाहिरात वेळेवर पाठवणारा एक दादा, रिकाम्या दिवसांत घरात कोंडून घेतलेल्या पोराला ‘चल रे, पोरांना पळवायला’ म्हणून बाहेर काढणारा एक सुभेदारसाहेब. चार वर्षं पलटणीत राहून आलेल्या बावीस वर्षांच्या पोराला हे सगळ्यात जास्त लागतं.

आणि संघटनेलाही पोरं लागतात. जिथं फक्त सत्तरीचे सदस्य आहेत तिथं पुढे काय होतं, ते अमेरिकेतल्या त्या संघटनेनं १९५६ मध्ये दाखवलंच आहे.

हे करून ठेवा

- भरतीला निघालात? दल कुठल्या मंत्रालयाखाली आहे ते बघा. संरक्षण की गृह, यावर पुढची ओळख ठरते.
- अग्निवीर असाल तर सेवेची प्रमाणपत्रं, कौशल्य प्रमाणपत्र आणि सेवानिधीचे कागद यांच्या दोन-तीन प्रती करून ठेवा. मूळ कागद लॅमिनेट करू नका.
- घरात कुणी निवृत्त सैनिक असेल तर डिस्चार्ज बुक आणि पीपीओ शोधून काढा. आजी हयात असेल तर तिचं नाव आणि जन्मतारीख त्यात बरोबर आहे का ते पाहा. कुटुंब निवृत्तिवेतन याच एका चुकीनं अडकून पडतं.
- जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नोंदणी झाली आहे का, विचारा. पेन्शन खात्यावर येते म्हणजे नोंदणी झाली, असं नाही.
- फॉर्मवर ‘माजी सैनिक’ रकान्यात खूण करण्याआधी व्याख्या वाचा. चुकीची खूण म्हणजे कागद तपासणीत बाद.
- गावात संघटना असेल तर तिची नियमावली मागा. सदस्यत्वाचं कलम वाचून दाखवा आणि विचारा, ‘आपला अग्निवीर यात बसतो का?’

हा प्रश्न पुढच्या सर्वसाधारण सभेत विषयपत्रिकेवर यायला हवा. त्यासाठी दिल्लीला जावं लागत नाही, कुणाची ओळख लागत नाही. सभेत एक सदस्य उठून ठराव मांडतो आणि दुसरा त्याला अनुमोदन देतो. पोरं परत यायच्या आधी एवढं झालं, तर आल्यावर त्यांना आपण कुठं बसायचं, हे कुणाला विचारावं लागणार नाही.